शिंपीणबाईची उत्तरं

धाकटीस मोठीचा आशीर्वाद.

इथे परदेशात लेकीकडे मी धडधाकट आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

मी इंग्रजी बोलायच्या वर्गाला जाते. बाई चौघींचा गट करतात. चौघी बोलल्या तरच गट पास. आमच्यातली शिंपीणबाई तोंडच उघडेना. मला कुठला धीर! मी तिच्या कानात उत्तर सांगायची, ती पोपटासारखी म्हणायची. बाई खूश. "आजी, तुमचा गट पहिला!" मी फुगले.

गेल्या महिन्यात भरदुपारी घरी एकटी असताना तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याला फोन लावला, पण तिला इंग्रजीत पत्ता सांगता आला नाही. सून आली तेव्हा फोन हातातच होता, पलीकडचा माणूस अजून विचारत होता. शिंपीणबाई गेली होती.

तिची उत्तरं माझी होती, हे मी कुणालाच बोलले नाही, लेकीलाही नाही.

आता तिच्या खुर्चीत नवी आली आहे. तिला प्रश्न विचारला की माझे ओठ आपोआप हलतात. मग शेजारून शिंपीणबाईचाच आवाज येतो, मी सांगितलेलं जसंच्या तसं.

काल नवी कुजबुजली, "आजी, सांगा ना."

"मेले," म्हटलं, "तू पत्ता सांग तुझा. घर नंबरासकट. आम्ही बसलोय."

गट नापास झाला.

बाकी सगळं ठीक. झोप तेवढी येत नाही.

तुझी,
मोठी