दारामागची ओढणी

रविवार, संध्याकाळ

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सासूबाईंना साडी नेसवत नाही. काही सैल मिळतंय का म्हणून त्यांचं कपाट उचकलं, तर त्यांचाच जुना गाऊन निघाला. फुग्याच्या बाह्या, गळ्याला झालर. असा आता कोण शिवतं?

"मेनरोडवरून कापड आणून बाळंतपणात शिवला होता," त्या म्हणाल्या. "सव्वा महिना झाला आणि मामंजी म्हणाले, आता बरी आहेस ना? मग मी पुन्हा साडीतच झोपायला लागले."

म्हणजे आजारी असलं तरच बाईनं मोकळं झोपायचं!

आज त्यांनी तो घातला. झालरीवरून हात फिरवत बसल्या. तेवढ्यात बेल वाजली आणि मी, सवयीनं, दारामागच्या खिळ्यावरची ओढणी माझ्या गाऊनवर घेतली. दारात शेजारची वैशाली, कढीपत्ता मागायला. तिच्याही गाऊनवर ओढणी! एकमेकींपासून काय झाकत होतो आम्ही?

स्वतःचाच संताप आला. उद्यापासून ओढणी घेणार नाही, बेल कुणीही वाजवो. सासूबाईंना तसं सांगितलं, तर हात पुढे करून म्हणाल्या, "मग दे ती इकडे." मला वाटलं, अंगावर घेतील. त्यांनी घडी घालून ती दुखऱ्या गुडघ्याखाली सरकवली.

खिळा रिकामा आहे. सकाळी दूधवाला येईल. येऊ दे.