बाप, माप आणि पाप

तीर्थरूप मामा यांस,

वाकून नमस्कार. (कंबरेत उसण भरली आहे, त्यामुळे नमस्कार अर्ध्यावरच अडकला आहे. उरलेला भेटीत पुरा करीन.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीची कोरडी ढास गेली का? माझी खुशाली विचाराल तर उजवा कान जागेवर आहे, म्हणजे दिसायला. डावा अजून कामावर येतो, पण निवृत्तीला टेकलेल्या कारकुनासारखा. उशिरा येतो, लवकर उठतो, आणि मध्ये हजर असला तरी फाइल पुढे सरकेलच असं नाही. दोन्हीकडे मशिनी बसवल्या आहेत. कुणी मायेने जवळ घेतलं की त्या शिट्टी मारतात, त्यामुळे हल्ली मला फारसं कुणी जवळ घेत नाही.

सिनेमाचं काय झालं ते तुम्ही आईला विचारत होतात असं कळलं. आईने जे सांगितलं असेल त्यातले अश्रू वजा करा, मग उरेल ते साधारण खरं धरा. तरी मीच सविस्तर लिहिते, कारण या भानगडीची सुरुवात तुमच्यापासून होते. माझ्या कानांनी हात टेकले तेव्हा तुम्ही मला समोर बसवून म्हणाला होतात, "पोरी, व्हायोलिन पेटीत ठेव आता. लेखनाकडे वळ. लेखनाला कान लागत नाहीत." मामा, तुमचा शब्द मी अर्धाच पाळला. लेखनाकडे वळले, पण संगीत काही सुटलं नाही. आणि लेखनाला कान लागत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं? पटकथेत माणसं बोलतात हो! ती कशी बोलतात हे ऐकायला मी जिन्यात, दवाखान्यात, रांगेत ताटकळत उभी राहते. निम्मं ऐकू येतं, निम्मं मी पदरचं घालते, आणि मग लोक म्हणतात की बाईंचे संवाद फार ताजे असतात. संगीताचंही तसंच. खालचे सूर मला टेबलावर कोपर टेकवून कळतात, मधले मशीनमधून, आणि अगदी वरचे आठवणीतून. (व्हायोलिन तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे त्या आठवणी बहुतेक तुमच्या ओरडण्यासकट आहेत, पण त्याला इलाज नाही.)

तर अशा रीतीने एका छोट्या चित्रपटाला मी दिलेलं पार्श्वसंगीत एका निर्मात्याने ऐकलं, आणि ते देणारी बाई बहिरी आहे हे कळल्यावर त्याने ते दुसऱ्यांदा ऐकलं. दुसऱ्यांदा त्याला ते जास्त आवडलं. मला बोलावणं आलं. गृहस्थांची खोली सगळी काचेची, एसीची अखंड घरघर, ते स्वतः खिडकीला पाठ करून बसलेले, म्हणजे तोंड अंधारात, आणि त्या तोंडावर एवढी मोठी मिशी की वरचा ओठ शेवटचा त्यांच्या आईनेच पाहिला असावा. ओठ वाचून जगणाऱ्या बाईसाठी याहून वाईट माणूस कुणाला मुद्दाम बनवता आला नसता. त्यांनी आधी त्या जुन्या, थोर, बहिऱ्या संगीतकाराचं उदाहरण दिलं. ते प्रत्येकजण देतो. (दम्याच्या माणसाला कुणी थोर दमेकऱ्यांची उदाहरणं देतं का?) मग प्रत्येक शब्द सुटा करून, मी परग्रहावरून आल्यासारखं ओरडत त्यांनी सांगितलं, की जिचे कान जातात अशा व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईची गोष्ट त्यांना हवी आहे. पटकथा मीच लिहायची, संगीतही मीच द्यायचं. एकाच बाईत दोन कामं उरकतात म्हटल्यावर त्यांना जो आनंद झाला तो मिशीतूनही दिसला.

त्यानंतर ते मन लावून पुष्कळ बोलले, आणि मी मान डोलावली. मामा, ऐकू न येणाऱ्या माणसाजवळ दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे "काय म्हणालात?" आणि दुसरी म्हणजे मान. पहिली दोनदा वापरता येते. तिसऱ्यांदा समोरचा हात उडवून म्हणतो, "जाऊ द्या, काही विशेष नाही." (जगातल्या सगळ्या शिव्या मी एक वेळ ऐकून घेईन, पण हे नाही. विशेष आहे की नाही ते मला ठरवू द्या की.) म्हणून मग मान. मान हलली की समोरचा खूश होतो, चहा येतो, काम मिळतं. आपण कशाला होकार दिला ते यथावकाश कळतं.

मला ते तासाभरात कळलं. दिग्दर्शिका त्या बैठकीत होती. ही बाई हळू बोलते, पण बोलताना तोंड माझ्याकडे करते आणि महत्त्वाचं लिहून पाठवते, एवढ्यावरच मी तिला जन्मभर माफ करायला तयार आहे. तिने मोबाइलवर विचारलं, "शेवटी नायिका जिन्यावरून पडते आणि तिला पुन्हा ऐकू येतं, हे तू खरंच कबूल केलंस?" मी म्हटलं, असेल बुवा. शिवाय निरोप देताना दारात निर्माते माझ्या खांद्यावर हात ठेवून आणखी एक वाक्य म्हणाले होते. तिथे उजेड होता आणि खालचा ओठ स्वच्छ दिसत होता, म्हणून ते मी छातीठोकपणे वाचलं. ते म्हणाले, "पाप वाढवा जरा."

मला तर हर्षच झाला. पहिल्या आराखड्यातली माझी नायिका फारच गुणी होती. कान जातायत हे लपवते, उशीत तोंड खुपसून रडते, बस्स. बहिऱ्या माणसाने पडद्यावर याहून जास्त काही करायचं नसतं असा एक अलिखित नियम आहे. आणि इथे खुद्द निर्माता म्हणतोय, पाप वाढवा! मी चांगलं सढळ हाताने वाढवलं. वाद्यवृंदात नायिकेचा सूर चुकतो तेव्हा ती ते शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीवर ढकलते. मैत्रिणीची खुर्ची जाते. नायिका गप्प बसते, आणि वर तिच्याच घरी सांत्वनाला जाते. लिहिताना मला फार बरं वाटलं.

पटकथेचं वाचन त्याच काचेच्या खोलीत झालं. दिग्दर्शिका वाचत होती, निर्माते डोळे मिटून होते, आणि त्यांच्या शेजारी एक देखणे, रुंद खांद्यांचे गृहस्थ नवा शर्ट घालून, पेन उघडून बसले होते. हे निर्मात्यांचे मेहुणे, म्हणजे त्यांच्या बायकोचे भाऊ. नायिकेच्या बापाचं काम हे करणार होते. वाचन संपलं. दिग्दर्शिकेचे डोळे ओले होते. मेहुण्यांनी पेन मिटलं आणि विचारलं, "पण माझा बाप कुठाय?"

माझ्या पटकथेत बाप एकदा दार उघडतो आणि पुढच्या वेळी ते लावून घेतो. निर्माते माझ्याकडे वळले. "अहो, मी तुम्हाला बाप वाढवा म्हटलं होतं! बाप!" मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते, आणि खरं सांगते, तेव्हाही तिथे पापच दिसत होतं. (तुम्ही आरशासमोर उभं राहून आवाज न काढता बाप, माप, पाप म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा तेच करतात. मी त्यांना वजनमापं वाढवून दिली नाहीत हे त्यांचं नशीब.)

मग जी खडाजंगी झाली ती मी पाहिली. पाप काढाल तर मी सिनेमा सोडते, असं दिग्दर्शिका म्हणाली. बाप वाढत नसेल तर बहिणीशी बोलावं लागेल, असं मेहुणे म्हणाले, आणि निर्मात्यांचा चेहरा पडला. मी संधी साधून म्हटलं, की मला शेवटाबद्दलही बोलायचंय. तिचा कान परत येणार नाही.

"पण तुम्ही तर हो म्हणाला होतात!"

"मला ऐकू आलं नव्हतं."

"प्रेक्षकांना आशा लागते, बाई."

"आशा देते. कान देत नाही. जिन्यावरून पडून कान परत येत असते तर मी रोज पडले असते."

खोलीत शांतता पसरली. (शांतता मला इतरांपेक्षा लवकर कळते, सगळ्यांची तोंडं मिटतात.) मग मी मेहुण्यांकडे वळून सौदा मांडला. शेवटाला हात लावू नका, मी बाप हवा तेवढा वाढवते, पानपानभर भाषणं देते. मेहुण्यांच्या डोळ्यांत असं काही तेज आलं की ते तिथल्या तिथे म्हणाले, "भावोजी, कानाचं राहू द्या ना आता."

भाषणं मी मन लावून लिहिली, त्यात लबाडी नाही. बाप मुलीची क्षमा मागतो, स्वतःच्या भित्रेपणाची कबुली देतो, तिच्या लहानपणाचं सांगतो. मेहुण्यांनी ती तोंडपाठ केली आणि चित्रीकरणात खरोखर रडले. एवढंच झालं, की ही सगळी भाषणं मध्यंतरानंतर आली. आणि मध्यंतरानंतर नायिकेला जेवढं ऐकू येतं तेवढंच प्रेक्षकांनाही ऐकवायचं, हे दिग्दर्शिकेचं आणि माझं आधीच ठरलं होतं. ते पटकथेत पहिल्या पानावर लिहिलेलंही होतं, पण पहिलं पान कोण वाचतो! संगीत मी तसंच केलं. आधी व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार विरत जाते, मग शब्दांच्या कडा झिजतात, आणि शेवटी उरते ती जमिनीतून येणारी पावलांची धडधड आणि एक खोल घुमारा. ध्वनिमिश्रणाच्या वेळी निर्मात्यांनी स्पीकर बिघडले म्हणून बदलायला लावले. नव्या स्पीकरमधूनही तेच ऐकू आलं. ध्वनीवाल्याने खांदे उडवले. तो आमच्या बाजूचा होता.

पहिल्या खेळाला मेहुणे सहकुटुंब आले. मी मागच्या रांगेत होते. अंधारात मी दुप्पट बहिरी असते, म्हणून मी पडदा सोडून माणसं पाहत होते. मेहुण्यांचा पहिला मोठा प्रसंग आला. पडद्यावर बाप स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून जिवाच्या आकांताने बोलतोय, बोलतोय, आणि ऐकू येतोय फक्त घुमारा. निर्माते उठून मागे वळले आणि "आवाज!" म्हणून ओरडले. (हे मला नीट वाचता आलं.) त्यांच्या बायकोने त्यांना बाहीला धरून खाली बसवलं. ती रडत होती. आणि मामा, मग मी पाहिलं तर अख्खं सभागृह पुढे झुकलं होतं. सगळ्यांच्या माना ताणलेल्या, कपाळं आवळलेली, ओठांवरून काही हाती लागतंय का म्हणून धडपडणारी. मी इतकी वर्षं बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, आईच्या शेजारीसुद्धा अशीच बसत आले आहे. आधी मला दुष्ट आनंद झाला, घ्या लेकांनो म्हणण्याइतका. मग तो कुठे गेला कळलं नाही, आणि मला उठून बाहेर जावं लागलं.

सिनेमा चालला. मेहुण्यांच्या मूक अभिनयाची वाखाणणी झाली, आणि ते आता सांगतात की संवाद काढून टाकण्याची कल्पना मुळात त्यांचीच. निर्माते सांगतात की त्यांची. मला कानामागे हात धरून फोटो काढून द्या म्हणाले, खाली छापणार होते "बहिरेपणावर मात". मी म्हटलं, मात कसली? आम्ही दोघं एका घरात राहतो आणि एकमेकांना ओळखून आहोत, एवढंच छापा. ते छापलं नाही. पण पुढचा सिनेमा मला मिळाला आहे, आणि त्याचा निर्माता मिशी ठेवत नाही.

बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार, आणि आईला यातलं काही सांगू नका, ती पुन्हा रडेल.

तुमची आज्ञाधारक (निम्मी आज्ञा ऐकू आल्यास)
भाची

ता. क. एक काम होतं, वरचं सगळं त्याची प्रस्तावना समजा. मामीने मला मोबाइलवर लिहिलंय. तिला रागवू नका, लिहायचा आग्रह मीच धरला होता. तुमच्या शिकवणीची पोरं हल्ली हसतमुखाने घरी जातात म्हणे. बारीक तार उतरलेली असते, घासते, किंचाळते, मामी स्वयंपाकघरात दारं लावून घेते, आणि तुम्ही "छान" म्हणता. मामा, तुम्ही आणि छान! परवा व्हिडिओ फोनवर मी विचारलं, जेवलात का, तर तुम्ही म्हणालात, साडेचारच्या गाडीने. आधी मला वाटलं की चूक माझीच. पुढच्या आठवड्यात माझी कानांची तपासणी आहे. तपासणाऱ्या बाईंना सांगून माझ्या मागची वेळ तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. मामी तुम्हाला घेऊन येईल. तुम्ही दुसऱ्याच कामाला निघाला आहात असं ती भासवेल, तेवढं तिच्या समाधानासाठी चालू द्या.

ता. क. दुसरं. खोटं सांगत नाही, बारीक तार पूर्वीसारखी ऐकू यायची नाही. पहिल्या दिवशी सगळं जग पत्र्याच्या डब्यातून बोलतं आणि वर्तमानपत्र उलगडलं तरी माणूस दचकतो. मशीन काढून खिडकीबाहेर फेकावंसं वाटेल. फेकू नका. संध्याकाळी मी व्हायोलिन घेऊन तुमच्यासमोर उभी राहीन आणि मुद्दाम बेसूर वाजवीन. (मुद्दाम करायची गरज पडणार नाही.) तुम्ही फक्त कडाडून ओरडा. मला ऐकू आलं नाही तरी चेहऱ्यावरून कळेल.