तुझ्या पत्रात केलेली दुरुस्ती

चि. छकुलीस,

तू कामावर गेल्यावर मी संगणकावर सरावाला बसलो. ‘बाबा, कळ दाबायची असते, दार ठोठावायचं नसतं,’ हे तुझे बोल ध्यानात ठेवून हलक्या हाताने टंकलेखन चालले होते. माझी म्हणून जी फाइल उघडली, ती तुझी निघाली: परगावच्या महाविद्यालयाला तू लिहिलेले नकाराचे पत्र. तिथे नवी नोकरी मिळाल्याचे तू मला सांगितलेच नव्हतेस.

‘वडील एकटे असून त्यांना सांभाळणारे कोणी नाही.’ हे वाक्य मी तीनदा वाचले. रचना निर्दोष आहे. आशय मला साफ अमान्य आहे. मी स्वतःचा चहा करतो, औषधे वेळेवर घेतो आणि दूधवाल्याशी न हरता भांडतो. म्हणून तू शिकवल्याप्रमाणे ते वाक्य आणि त्याखालचा नकार निवडून पुसला व तेथे ‘एक तारखेस रुजू होत आहे’ असे लिहिले. वेगळी प्रत करण्याचे मात्र विसरलो. जतन करताच तुझे मूळ पत्र गेले. त्याबद्दल क्षमा मागतो. दुरुस्तीबद्दल मागत नाही.

पत्र पाठवलेले नाही. तो अधिकार तुझा. मुदत आज सहापर्यंत आहे. नकारच द्यायचा असेल तर तो पुन्हा लिही, पण कारण म्हणून मला पुढे करू नकोस.

मी वाचनालयात जात आहे. घरी थांबलो तर वाद घालीन, आणि माझ्याशी वाद घालताना तू मुद्दाम हरतेस, हे मला केव्हाचे ठाऊक आहे.

— बाबा