ठकूच्या खोलीवरचा पट्टा

३ नोव्हेंबर
आलो एकदाच्या! मी, माझी आठ वर्षांची लेक ठकू, सोळा खोकी आणि एक सायकल. घर छोटंसं, पण आपलं. फक्त गार इतकं की चहा कपात पडेपर्यंत निवतो. माळ्यावर तुळयांच्या मधे ऊब धरायला ग्लासवूलचे, म्हणजे काचेच्या लोकरीचे, बारा पट्टे अंथरलेत, पण ते जुने होऊन दबलेत. नवे टाकणारा कारागीर शनिवारी येणार. जुने मीच काढते म्हटलं, हातपाय धड आहेत. तो म्हणाला, काढा, पण झोपायच्या खोलीवरचे आधी. का, ते सांगितलं नाही. कारागिरांना शिकवायची हौसच असते.

४ नोव्हेंबर
मास्क, हातमोजे, जुना रेनकोट. ठकू म्हणाली, आई, तू कचऱ्याची पिशवी दिसतेस. तिला ताप आहे. अंगावर धूळ नको, म्हणून तिच्या खोलीवरचा पट्टा शेवटी काढायचं ठरवलं आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. तीन पट्टे गोण्यांत भरले. अंगभर खाज सुटली, पण कामाचा उरक बघून स्वतःचीच पाठ थोपटली.

५ नोव्हेंबर
सात झाले. उरलेले पाच मात्र जाड वाटतात. काल चार बोटं होते, आज वीतभर. हवा लागून फुगले असतील. हात घातला तर आत ऊब. माळ्यावर माझ्या तोंडातून वाफ निघत होती आणि लोकर ठकूच्या कपाळाइतकी गरम! घर आणखी गारठलंय. ठकू म्हणते, फक्त तिच्याच खोलीत छान वाटतं.

६ नोव्हेंबर
दात-ओठ खाऊन चार पट्टे काढले. चौथा उचलताना पाहिलं. पांघरुणाखाली कुणी कूस बदलावी तशी लोकर हलली, आणि ती हालचाल शेजारच्या पट्ट्यात सरकली. उंदीर एवढा लांब नसतो. शिडी कशी उतरले आठवत नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. इथे अख्खा हत्ती शेपटात येऊन बसलाय. तो पट्टा आता कमरेएवढा आहे.
ठकूला माझ्याजवळ झोपवते.

७ नोव्हेंबर, सकाळी
ठकू अंथरुणात नव्हती. आपल्या खोलीत जाऊन गाढ झोपलेली. ऊब हवी होती म्हणे. वरचं छत पोटासारखं खाली आलंय.
कारागिराला फोन केला. हसेल वाटलं, हसला नाही. कुठला पट्टा उरलाय, एवढंच विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, ते सगळीकडे पातळ पसरलेलं असतं तोवर निजलेलं असतं, ते एका जागी गोळा करू नये. सामान राहू द्या, मुलीला घेऊन निघा.
मीच हाकलत हाकलत तिच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. मी, तिच्या आईने.

टॅक्सी बोलावली. वीस मिनिटं—

छत सपाट झालंय. आत्ता. आवाज न होता—

ठकू कोट घालून समोर खुर्चीत बसलीय. हसतेय. ताप उतरला म्हणते. उचलली तर वजनच नाही. दंड धरला तो दबला — आणि हळूहळू पुन्हा फुगला—

टॅक्सीवाले दादा, ही वही दारात ठेवतेय. खुर्चीतल्या पोरीला नेऊ नका. कितीही रडली तरी—

वरून ठकू हाक मारतेय. आई, तोंडात लोकर जातेय म्हणते. माझीच आहे ती, मला कळतं — शिडी लावलीय, मी वर—