एकोणीस नंबरची बाग

३ जानेवारी. सकाळी ६.
संकल्प. उद्यान खात्यात चौतीस वर्षं काढली. राजधानीतल्या एकोणीसच्या एकोणीस बागांच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या, पण बागेत पाऊल ठेवायला सवड मिळाली नाही. आता निवृत्त. रोज एक बाग, मग पुस्तक. बायको म्हणाली, आधी राजवाड्याची दाखवा. वरच्या गच्चीवरून तळं दिसतं, असं लग्न झाल्यापासून तुमच्याच तोंडून ऐकतेय, गुडघे चढू देतायत तोवर जाऊ. तिला समजावलं, राजवाड्याचा फाइल नंबर एकोणीस. क्रम म्हणजे क्रम.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
बाग नं. १. बाकं मोजली. फायलीत साठ, जागेवर बेचाळीस. माळ्याला जाब विचारला. तो म्हणाला, आजोबा, आधी गवतावरून बाजूला व्हा. मी कोण ते सांगितलं. त्यानं नाव ऐकलेलं नव्हतं. खात्याची शिस्त गेली ती गेलीच.

२५ जानेवारी.
आजपर्यंत बागा दोन. थंडी, सर्दी, मेहुण्याचा मुक्काम. घाईनं केलेलं काम मला मुळात आवडत नाही.

२० फेब्रुवारी.
नं. ५. मी कारंज्याचे नळ तपासले, बायको बाकावर गुडघा चोळत बसली. दीड तासानं आलो तर कुठल्याशा अनोळखी बाईशी खळखळून हसत होती. घरी एवढं हसायला हिला काय होतं?
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला ती एक बाग दाखवा ना, बाकीच्या कुठे पळून जातायत? मायलेकींचं संगनमत आहे. दाद दिली नाही.

११ एप्रिल.
डॉक्टर म्हणाले, जिने बंद. बायकोनं माझ्यादेखत त्यांना विचारलं, शेवटचं एकदा राजवाड्याच्या अडुसष्ट पायऱ्या चढू का? ते म्हणाले, सावकाश चढा. मी मोठ्या मनानं सातवरून थेट एकोणीसवर जायचं ठरवलं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं क्रम मोडला नसता. तिनं आभार मानले नाहीत. ठेवणीतले कपडे मात्र काढून ठेवले.

१७ एप्रिल. दुपारी.
राजवाड्याची बाग. चढायला पाऊण तास. ती दर पाच पायऱ्यांवर थांबत होती, तेवढ्यात मी नोंदी उरकल्या. वर लोखंडी दार. कुलूप. शेजारी पाटी : दुरुस्तीसाठी तात्पुरते बंद.
डोकं सणकलं. कोण हा नालायक अधिकारी, म्हणून चारचौघांत ओरडलो. तिथला म्हातारा माळी म्हणाला, साहेब, अकरा वर्षं झाली. दुरुस्ती आठ दिवसांत संपली, दार उघडायचा हुकूम काही आला नाही.
बायकोनं चष्मा लावला आणि पाटीखालची सही वाचली. मग पुन्हा वाचली.
दार उघडण्याचा कागद माझ्या टेबलावर आला होता. शेरा मीच मारला : प्रत्यक्ष पाहणीनंतर निर्णय घ्यावा. पाहणी राहून गेली. माणूस एकटा किती ठिकाणी पुरणार?

१८ एप्रिल.
खात्याच्या अनागोंदीवर कडक प्रकरण लिहायला बसलो. एक ओळ झाली नाही. काल उतरताना बायकोचा पाय लटपटला, तेव्हा मी लगेच हात पुढे केला होता. तिनं माळ्याचा धरला.