भोक वजा करायचं राहिलं

जालना

चि. रामकिसन,

ताईचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? (सांगू नकोस, फोनवर ऐकलंय.) सोयाबीन निघालं असेल. माझा रक्तदाब माझ्यासारखाच, वर.

तुझा कल्याण माझ्याकडून पिंपळगावला पोचला असेल आणि सुट्टी मिळाली म्हणाला असेल. सुट्टी नाही. त्याच्या कारखान्यात जड सामान साखळीने उचलतात. साखळी अडकवायला भोकं असलेली पोलादी प्लेट लागते, आणि ती किती जाड हवी हे चिरंजीव संगणकावर ठरवतात. आधी पडद्यावर भरीव ठोकळा काढायचा, त्यात भोकांचे गोल काढायचे, मग ते ठोकळ्यातून वजा करायचे. उरलेली भरीव जागा सॉफ्टवेअर बारीक तुकड्यांनी भरतं आणि किती वजन पेलेल ते सांगतं. याने वजा करायचंच सोडलं. (भाकरीवर वाटी दाबून गोल उमटवला आणि कापून काढला नाही, तसं.) पडद्यावर गोल रेघा दिसत होत्या, त्यावर चिरंजीव खूश. सॉफ्टवेअरने भोकांतही पोलाद भरलं, हिशेबात प्लेट फारच मजबूत निघाली, म्हणून पातळ बनवली. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये घनफळ काढताना भोक विसरलं की सिस्टर हातावर पट्टी मारत. याच्या कॉलेजात पट्टी नव्हती, एसी होता.

प्लेट भोकापाशीच फाटली. खाली उभा असलेला कामगार मच्छिंद्र वाचला, पण पाय गुडघ्यातून कापावा लागला. कल्याणने हे मला सकाळी धिरडी खाताना सांगितलं, तिसरं मागितलं, आणि मी तव्याकडे वळले तर लॅपटॉपच्या पिशवीसह पसार.

मी दवाखान्यात गेले. मालकाने आधीच पसरवलंय की मच्छिंद्र नको तिथं उभा होता. तसं ठरलं तर त्याला भरपाई नाही. त्याची बायको चतुराबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तो मात्र शुद्धीवर होता.

"मॅडम, मी बराबर जागीच उभा होतो. दुसरं काही न्हाई, तेवढं कुनी सांगावं."

मी तिथं नव्हते. चूक प्लेटची होती, हे कल्याणच सांगू शकतो.

तुझी,
ताई

ता. क. सोमवारी चौकशी आहे. पहिल्या एसटीने पोराला भोकरदनवरून पाठव. लॅपटॉप त्याच्यासोबत हवा, आणि त्यातली त्या प्लेटची फाईल न पुसता.

ता. ता. क. मी रागावणार नाही, असं त्याला सांग. गाडीत बसेपर्यंत त्याचा विश्वास बसला पाहिजे. आणि तू बापाच्या मायेने त्याला थांबवलंस, तर चतुराबाईला घेऊन मीच तुझ्या दारात येईन. मग पोरगा का आला नाही, ते तिला तू सांग.