शिवनाथेत गेलेल्या चंपतचा पुतळा

६ सप्टेंबर १९६१

"कॉलेजसाठी घाम गाळलेल्या कामगार बंधूंनो! भिंती तुम्ही उभ्या केल्यात आणि दगडावर नावं कोरली गेली ती पाहुण्यांची!" — सुरुवात अशीच करायची. अनावरण गांधीजयंतीला, पण भाषण आतापासूनच डोक्यात तापलंय.

पुतळा समितीचे चिटणीस भय्याजी यांच्याशी आज पुन्हा वाजलं. अजून तेच घोकताहेत — "बाई, एखादे मंत्री बसवले असते तर कॉलेजचं भलं झालं असतं." चौथरा रिकामा ठेवला तो काय मंत्र्यासाठी? चंपत भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवरची पाळी संपवून श्रमदानाला यायचा, भंडाऱ्याकडची माणसं गोळा करून. गेल्या पावसाळ्यात इमारतीसाठी वाळू काढताना शिवनाथ नदी अचानक चढली. दोघांना त्यानं काठावर ढकललं, स्वतः वाहून गेला. देहसुद्धा मिळाला नाही. मग कॉलेजच्या अंगणात दुसऱ्या कुणाचा पुतळा हवा?

९ सप्टेंबर

नागपूरच्या चितारओळीतून आलेला मूर्तिकार अरुणकुमार शेडमध्ये सिमेंटचा पुतळा घडवतोय. चंपतचा एकही फोटो नाही! म्हणून धाकटा भाऊ देवराव समोर उभा राहतो. तोच बांधा, तेच नाक. पाळी करून थेट येतो बिचारा. हलू नको म्हटलं की माशीसुद्धा हाकलत नाही.

१२ सप्टेंबर

चंपतची बायको मैनाबाई स्टाफरूमच्या दारात. "बाई, तो पुतळा नोका बसवू."

आधी वाटलं, चेहरा जमला नसेल. तसं नाही! पुतळ्याला हार पडला की नवरा मेला, आणि मग हिला कुंकू पुसावं लागणार. देह मिळाला नाही तर यांच्यात पळसाच्या पानांचा माणूस करून जाळतात. तेही तिनं वर्षभर होऊ दिलेलं नाही. आता तेच काम आम्ही सिमेंटनं करतोय म्हणे.

"मैनाबाई, तो परत येणार आहे का?"

"नाही येत. मले का समजत नाही?"

"मग?"

"मंग काही नाही. कुंकू राहू द्या."



१३ सप्टेंबर

डोकं अजून ठणकतंय. इथं दगडाचं पोलाद होतं, आणि कपाळावरचा एक ठिपका हलत नाही!

१७ सप्टेंबर

तिच्या क्वार्टरवर गेले. सगळं सांगितलं — सुधारक, क्रांत्या, बायकांनी तोडलेल्या बेड्या. तांदूळ निवडता निवडता तिनं ऐकलं. शेवटी म्हणाली, "लय चांगलं बोलता बाई तुमी. रेडिओवानी."

रेडिओ! म्हणजे ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही.

२० सप्टेंबर

भय्याजींना उकळ्या फुटताहेत. "बघा, घरचीच मंजुरी नाही. मंत्र्यांच्या बायका असली तक्रार करत नाहीत हो!" देवरावला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "वयनीचं मनावर नोका घेऊ, बाई. तुमी करा. तिले मी पायतो." चला, एक तरी माणूस शहाणा निघाला.

२४ सप्टेंबर

देवराव पेढे घेऊन आला! कशाचे?

"पुतळा बसला का वयनीसंग पाट लावून राहिलो. आमच्यात धाकट्या दिराचा हक्कच असते."

"तिला विचारलंत?"

हसला. "तिले काय इचारा लागते? दादा मेलाच नाही म्हनून वर्षभर अडून बसली. आता तुमी साऱ्या भिलाईसमोर सांगसान, मेला म्हनून. आन् मे दिनाच्या सभेत तुमीच तर बोलल्या ना बाई, इधवेचं लगन झालं पायजे!"

बोलले होते. टाळ्याही पडल्या होत्या.

तडक मैनाबाईकडे. "अहो, हे मला आधी का नाही सांगितलं?"

"कावून सांगू? तुमी लगनाच्या बाजूच्या, तोही लगनाच्या बाजूचा. मले कोनी इचारलं?"

पेढे तसेच टेबलावर आहेत. मुंग्या लागल्या.

२५ सप्टेंबर

अनावरण पुढं ढकला म्हटलं. भय्याजी — "पत्रिका वाटल्या! तुमच्याच हट्टानं झालं ना सगळं?" खरं आहे, म्हणूनच जास्त चीड आली.

२६ सप्टेंबर

अखेर विचारलं. "मैनाबाई, तुम्हाला काय हवंय?"

"तुमचा तो लाउडस्पीकर. थोडाच वेळ."

२ ऑक्टोबर

मी बोलले नाही. माईक मैनाबाईच्या हातात दिला. कुंकू ती घरूनच पुसून आली होती, स्वतःच्या हातानं. पुतळ्याला पहिला हार तिनंच घातला. मग गर्दीकडं वळली. देवराव पुढंच बसलेला.

"माहा मानूस मेला. मी देवरावसंग पाट लावनार नाही. ज्याले ज्याले ऐकू आलं, त्यानं हात वर करा!"